म्हशीची चतुःसीमा

"आई, हात मागे ने, कंबर फिरव आणि सोडायची वेळ आली की सोडून दे. धरून बसू नको."

माझ्या मुलीचा, मैत्रीचा, तो आवाज अजून कानात आहे. मी धरून बसले नाही. सोडली. हातातली प्लास्टिकची तबकडी पुढे जायची ती मागे गेली, कुंपणावरून वळली आणि शेजारच्या रेणुकाबाईंनी अंगणात वाळत घातलेल्या तुरीत जाऊन पडली. रेणुकाबाई सूप घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी एकदा तुरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, माह्यावर काई राग हाय का?"

राग नव्हता. मी रोज पहाटे त्रिशरण-पंचशील घेते आणि घेतलेलं दिवसभर सांभाळायचा प्रयत्न करते. हे सगळं घडत होतं ते आमच्या घरातल्या साखरेमुळे. डब्यातली नव्हे, आमच्या ह्यांच्या रक्तातली.

हे, म्हणजे नागनाथ, तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि खुर्चीतून उठून खुर्चीतच बसले. पहिली सरकारी होती, दुसरी घरची, एवढाच फरक. मग साखर वाढली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत सांगितलं की नागनाथगारू, रोज चलना, नै तो पाँव जाता. पाय जाईल म्हणजे कुठे जाईल, हे विचारायची गरज नव्हती. डॉक्टरांच्या दाराबाहेर कुबड्या टेकवून बसलेले दोघे आम्ही येताना पाहिले होते.

घरी आल्यावर ह्यांनी चालण्याविरुद्ध जी कारणं दिली ती सगळी नमुनेदार होती. सकाळी धुकं असतं. धुकं नसलं की कुत्री असतात. कुत्री नसली की ओळखीचे लोक असतात, आणि ते विचारतात की साहेब, पायी काऊन? संध्याकाळी चाललं तर जेवण उशिरा होतं, आणि जेवण उशिरा होणं साखरेला वाईट. माझा आवाज मुळात लहान. शाळेत शिकवायचे तेव्हासुद्धा तो दुसऱ्या बाकापर्यंत जाऊन दमायचा. त्यामुळे घरात वाद घालून कुणाला उठवण्याची ताकद माझ्यात नाही. मी नुसती त्यांच्या पायांकडे पाहत बसायचे. त्याचाही त्यांना त्रास व्हायचा.

अशात मैत्रीच्या डोक्यातून डिस्क गोल्फ निघालं. मैत्री निवासी शाळेत खेळाची शिक्षिका. गावाबाहेरच्या तलावाला लागून जो गुट्टा आहे, म्हणजे टेकडी, पण आमच्याकडे टेकडी म्हटलं तर कुणाला कळत नाही, त्या गुट्ट्यावर कुठल्याशा खात्याने नऊ लोखंडी खांब रोवले होते. प्रत्येक खांबाला वरून साखळ्या लोंबत होत्या आणि खाली जाळीची टोपली. लांबून तबकडी फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, असं करत करत ती टोपलीत घालायची आणि पुढच्या खांबाकडे जायचं. इतकाच तो खेळ. पण हे लोकांना सांगायचं त्या खात्याच्या ध्यानातून गेलं होतं. त्यामुळे पहिल्या खांबाच्या टोपलीत लोक कचरा टाकू लागले, दुसऱ्यावर गुराख्यांनी घोंगड्या वाळवल्या आणि चौथ्याला कुणीतरी हळदीकुंकू लावून नारळ ठेवला. एकदा नारळ ठेवल्यावर तो उचलणार कोण?

माघ पौर्णिमेला उद्घाटनाची स्पर्धा ठरली आणि स्थानिक महिलांच्या जोड्या हव्यात असा वरून हुकूम आला. मैत्रीने मला न विचारता माझं आणि रेणुकाबाईंचं नाव दिलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं, इतक्यात हे खुर्चीतून हसले. चांगले खो खो हसले. म्हणाले, "मैत्रीची आई, तुह्यानं पोळी तव्यावर नीट पडत नाही, तबकडी टोपलीत काय पडन? तू ते नऊ खांब एकबी न सोडता खेळून दाखव, मी दुसऱ्या दिवसापासून रोज चालतो. जबान देतो."

मैत्री माझ्याकडे बघत होती, मी ह्यांच्या पायांकडे. मग मी नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बरं."

एकही खांब न सोडता, याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. नवख्यांसाठी नियम असा होता की जोडीतल्या प्रत्येकीला एका खांबाला सात फेकी. सातव्यात नाही पडली तर तो खांब 'राहिला' असं लिहायचं आणि पुढे जायचं. म्हणजे ह्यांचे पाय आता माझ्या मनगटावर उभे होते.

रेणुकाबाईंना हे कळल्यावर त्यांनी तुरीची गोष्ट माफ केली आणि सराव हातात घेतला. त्या सीमेवरच्या गावच्या, कापूस-ज्वारीच्या घरातल्या. गोफण फिरवून पाखरं हाकलण्यात लहानपण गेलेलं. त्यांची तबकडी सुरुवातीपासून सरळ जायची. त्या मला सांगायच्या की मॅडम, पाखराले मारल्यावानी फेका. आता मी पाणातिपाताचं, म्हणजे जीव न मारण्याचं, शील घेतलेली बाई, पाखराला मारल्यावानी कशी फेकणार? मग त्यांनी विचार करून सांगितलं की बरं, पाखराच्या जवळून फेका. त्याने खरोखर फरक पडला.

तलावाकाठी सराव करताना एक तबकडी पाण्यात गेली. साधी गोष्ट. पण मी ती ह्यांना सांगितली, आणि तिथे ती साधी राहिली नाही. ह्यांचे डोळे निवृत्तीनंतर पहिल्यांदा चमकले. तलाव पाटबंधारेवाल्यांचा, त्यातली मासळी सोसायटीची, काठ पंचायतीचा, गुट्टा जंगलखात्याचा आणि तबकडी खेळखात्याची. सरकारी चीज सरकारी पाण्यात पडली आहे, तेव्हा ती काढायला इजाजत लागेल. त्यांनी दरखास्त लिहिली, चार नकला केल्या आणि स्कूटरवरून चार कचेऱ्यांत देऊन आले. एका कचेरीने विचारलं की ही वस्तू हरवली आहे की बुडाली आहे, कारण दोन्हीची टेबलं वेगळी आहेत. दुसऱ्या कचेरीने पाण्याची खोली विचारली. तिसरीतले साहेब मीटिंगला गेले होते आणि चौथीने दरखास्त ठेवून घेतली, त्यामुळे हे तिथून फार समाधानाने परतले.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि तबकडी आपोआप काठाला लागली. रेणुकाबाईंनी ती पदराने पुसून माझ्या हातात दिली. मी आनंदाने घरी घेऊन आले, तर हे खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, दरखास्त चालू असताना मौक्यावरची, म्हणजे घडल्या जागेवरची, चीज हलवायची नसते, मुआयन्याला, पाहणीला कोणी आलं तर काय दाखवायचं? आणि ती पुन्हा पाण्यात टाकून ये म्हणाले. मी त्या दिवशी आयुष्यात दुसऱ्यांदा ह्यांचं ऐकलं नाही. पहिल्यांदा केव्हा, ते इथे सांगण्यासारखं नाही.

खरा प्रश्न वेगळाच होता. पौर्णिमेला मी अष्टशील पाळते. पांढरं पातळ, बारानंतर अन्न नाही, दागिना नाही, उंच आसनावर बसणं नाही, आणि नाचगाणं, तमाशे, करमणूक यांपासून दूर. मग डिस्क गोल्फ कशात मोडतं? शेजारपाजारच्यांची मतं आली. एकीने सांगितलं की टीव्ही न बघता खेळलं तर चालतं. दुसरीने सांगितलं की खेळा, फक्त जिंकू नका. शेवटी मी विहारात भंतेजींकडे गेले. तबकडी, साखळ्या, टोपली, सगळं समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "उपासिका, खेळताना मजा येते का?"

"अजिबात नाही, भंते."

"मग ते श्रम आहेत. करा."

पौर्णिमेच्या सकाळी मी अकरालाच जेवून घेतलं आणि आम्ही गुट्ट्यावर गेलो. मांडव, लाऊडस्पीकर, समोशांचा वास. उद्घाटनाला उशीर झाला, कारण चौथ्या खांबाचा नारळ पाहुण्यांनी उचलायचा की पंचायतीने, यावर बोलणं चाललं होतं. शेवटी तो तिथेच ठेवायचं ठरलं. आणि बघते तर हे आलेले. स्कूटर खाली लावलेली, काखेत कचेरीतला जुना मोजणीचा फीता. म्हणाले, शर्त माझी आहे, तर निकाल मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार नाही. प्रत्येक फेकीचा मुआयना मी जातीनं करणार.

मी मैत्रीकडे पाहिलं. मैत्रीने माझ्याकडे पाहिलं. दोघींनी मान खाली घातली. कारण तो गुट्टा लहान नाही. खांब एकाखाली एक नाहीत. एक वर, एक खाली तलावाशी, पुन्हा वर, सागाच्या झाडांतून वळसा, पुन्हा खाली. आम्ही काही बोललो असतो तर ते लगेच दगडावर बसले असते.

पहिला खांब पाच फेकीत झाला. दुसरा सहा. प्रत्येक फेकीनंतर हे तबकडीपर्यंत चालत जायचे, फीता लावायचे, आजूबाजूला काय आहे ते मोठ्याने म्हणायचे आणि मगच मला पुढची फेक करू द्यायचे. हैदराबादहून आलेला पंच पोरगेला होता. त्याने दोनदा सांगितलं की अंकल, जरूरत नहीं. ह्यांनी त्याला सांगितलं की जरूरत का फैसला बाद में होता, पहले मौका देखना पडता.

तिसऱ्या खांबाला मात्र एक भलतंच घडलं. तबकडी माझ्या हातातून सुटली आणि सरळ गेली. सागांच्या मधून, उन्हात चमकत, जराशी डावीकडे झुकली आणि साखळ्यांवर अशी वाजली की खालच्या तलावावरचे बगळे उठले. एकाच फेकीत. रेणुकाबाईंनी मला मिठी मारली. आणि माझ्या लक्षात आलं की मला मजा आली आहे. थोडीथोडकी नाही, भरपूर. भंतेजींनी ज्या पायावर परवानगी दिली होती तो पायाच निघून गेला. मी डोळे मिटून, हे सगळं अनित्य आहे, असं मनाला सांगू लागले. चौथ्या खांबाची पहिली फेक बोराटीत गेली, तेव्हा ते मनाला पटलं.

पाचवा खांब खाली तलावाकाठी. उतारावरून फेकायचं होतं. माझी चौथी फेक लांब गेली, फार लांब गेली, काठ ओलांडून गेली आणि पाण्यात डुंबत बसलेल्या एका म्हशीच्या पाठीवर जाऊन निवांत बसली. म्हशीने कान हलवला. तेवढंच.

पंचाने लगेच सांगितलं, पानी में है, एक फेक ज्यादा, किनारे से खेलो. एक फेक जास्त म्हणजे माझ्या हातात दोनच उरणार. पण ह्यांनी हात वर केला.

"ठहरो. डिस्क पाण्यात नाही. डिस्क म्हशीवर हाय."

"अंकल, भैंस पानी में है."

"भैंस सरकारी नहीं है," हे म्हणाले, आणि त्या मुद्द्यावर पंच गडबडला. मग हे काठावरच्या दगडावर बसले आणि कागद काढून मौका पंचनामा लिहायला घेतला. म्हशीची चतुःसीमा. पूर्वेस तलावाचं पाणी. पश्चिमेस पाणी. दक्षिणेस दुसरी म्हैस. उत्तरेस, असं म्हणून ते जरा वाकून बघू लागले, तोवर म्हैस दुसरीला वळसा घालून पलीकडे गेली. आता उत्तरेला दुसरी म्हैस आली आणि दक्षिणेला पाणी. ह्यांनी खोडलं, पुन्हा लिहायला सुरुवात केली, म्हैस पुन्हा सरकली. तिन्हीसांजेपर्यंत हे चाललं असतं. पंचाने वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी विचारलं की किसकी भैंस.

म्हैस फकिराची होती. तो काठीला टेकून सगळं ऐकत होता. ह्यांनी त्याला रीतसर विचारलं की या जनावराचा कब्जेदार तूच का? फकिरा म्हणाला, "मीच हो साहेब." मग त्याने जिभेने टकटक केलं. म्हैस उठली, पाठीवरच्या तबकडीसह सावकाश काठावर आली, टोपलीपाशी उभी राहिली आणि अंग झाडलं. तबकडी खांबापासून दोन हातांवर पडली.

ह्यांना हे मान्य नव्हतं. तबकडी मूळ जागेवरून हलली आहे, असं त्यांचं म्हणणं. पंचाने हात जोडले आणि सांगितलं की आँटी, यहीं से खेलो, मैं आपके पैर पडूँ उससे पहले खेलो. मी टोपलीत टाकली. ह्यांनी पंचनाम्याखाली फकिराचं दस्तखत घेतलं. फकिराने आपलं नाव फार काळजीपूर्वक लिहिलं आणि वरची चतुःसीमा दोनदा वाचली.

सहावा, सातवा, आठवा. कसे झाले ते मला आता सांगता येणार नाही, दर वेळी सहावी-सातवी फेक. पाणी पिता येत होतं, तेवढंच पोटात होतं. नववा खांब गुट्ट्याच्या अगदी माथ्यावर. ऊन तलावावरून उसळून सरळ डोळ्यांत येत होतं. सहा फेकी झाल्या. हे दमून मोजणीत मागे पडले होते आणि अजून खाली चढणीवर फीता गुंडाळत, धापा टाकत येत होते. मैत्री त्यांच्यामागे पाण्याची बाटली घेऊन.

सातवी फेकली. साखळी खणकली. आणि तबकडी टोपलीच्या काठावरून घसरून खांबामागच्या गवतात पडली.

रेणुकाबाई खांबाजवळ होत्या. त्यांनी वाकून ती उचलली, टोपलीत ठेवली आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या, "पडली हो, पडली, मॅडमची पडली." खाली मांडवात टाळ्या सुरू झाल्या. उन्हामुळे कुणालाच काही दिसलं नव्हतं.

मी त्यांच्याजवळ गेले. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, गप राहा. भाऊजीच्या पायासाठी हाय हे. कोनी पाहून नाही राह्यलं."

"मी पाहून राह्यली ना, रेणुकाबाई."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले असतील, ऊन फार होतं. मुसावादाचं, म्हणजे खोटं न बोलण्याचं, शील मी रोज पहाटे घेते, ते किरकोळ गोष्टींसाठी फार सोपं असतं. भाजीवालीशी खरं बोलायला काय लागतं? आज त्याच्या दुसऱ्या पारड्यात ह्यांचे पाय होते. मी क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणापेक्षा जरा जास्त, तिथे उभी राहिले. मग पंचाकडे गेले आणि सांगितलं की माझी पडली नाही. त्याला ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, थँक्यू आँटी. मी पुन्हा सांगितलं. त्याने माझ्याबरोबर फोटो काढला.

खाली आल्यावर मला मंचावरच्या सोफ्यावर बसवायला लागले. उंच आसन नको म्हणून मी पायरीवर बसले, तर लोकांना तो विनय वाटला आणि आणखी टाळ्या झाल्या. समोसे आले, मी हात जोडले, पुन्हा विनय. शेवटी मी उठून निवेदकाच्या हातातला माईक घेतला. माईक शिट्टी वाजवू लागला. मी म्हणाले, "माझी तबकडी टोपलीत पडली नाही. शेवटचा खांब राहिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "टाळ्या नका वाजवू. खाली पडली होती. गवतात." जन्मात पहिल्यांदा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत, आणि बहुधा पलीकडच्या काठावरच्या म्हशींपर्यंतही गेला.

टाळ्या थांबल्या. पंचाने कागदावर काहीतरी खोडलं. हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. मी त्यांच्यापाशी गेले.

"मंग शर्त गेली," ते म्हणाले.

"गेली."

मैत्रीने माझा हात धरला आणि सोडला नाही.

आम्ही निघालो तेव्हा फकिरा स्कूटरपाशी येऊन उभा होता. त्याने पायातली चप्पल काढली, ह्यांनी ती पुन्हा घालायला लावली. तो म्हणाला, "साहेब, माह्या वावराचा बांध दरसाल सरकून राह्यला. शेजारी ऐकत नाही. तुमी म्हशीची चतुःसीमा एवढी बराबर लिवली, ते तं फिरून राह्यली होती. माहं वावर तं एका जागी हाय."

ह्यांनी विचारलं, कुठे आहे. तलावाला वळसा घालून, गुट्ट्याच्या पल्याड. रस्ता? "गाडी येते नं साहेब, थेट वावरापोत."

ह्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "सकाळी येतो. जबान." फकिरा गेला. रात्री त्यांनी पाय तेल लावून घ्यायला पुढे केले, एवढंच.

पहाटे मी वंदनेला बसले होते. डोळे मिटलेले. आतल्या खोलीत हे उठल्याची चाहूल लागली. मग खिळ्यावरून स्कूटरची किल्ली काढल्याचा आवाज. थोडा वेळ काहीच नाही. मग तोच आवाज पुन्हा, या वेळी खिळ्यावर ठेवल्याचा.

फाटकाची कडी वाजू नये म्हणून त्यांनी ती हाताने धरून उघडली. मी वंदना अर्धी सोडली नाही. संपवून खिडकीशी गेले तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. काखेत फीता घेऊन हे रेणुकाबाईंच्या अंगणापुढून जात होते. त्या सडा घालत होत्या. त्यांनी विचारलं असावं की भाऊजी, पायी काऊन? ह्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ते थांबले नाहीत, तलावाच्या रस्त्याला लागले.